रुग्णाचे पाच गुण आणि आपला रक्तदाब





वर्षावासाच्या निमित्ताने आपण एकेक सुत्त घेऊन त्यावर चिंतन करत आहोत. या वेळी निवडलेला उपदेश अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात येतो, आणि विनयपिटकाच्या महावग्गातही येतो. तो अगदी लहान आहे. त्यात ध्यानाच्या पायऱ्या नाहीत आणि निब्बाणाची चर्चाही नाही. कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे जाते आणि कोणत्या रुग्णाची अवघड, एवढेच भगवंतांनी त्यात सांगितले आहे. हा विषय घेण्याचे कारण असे, की आपल्यातल्या बहुतेक घरांत आज उच्च रक्तदाबाचा निदान एक तरी रुग्ण आहे. आणि ज्या घरात तो नाही, तिथे बहुधा कोणी दाब मोजलेलाच नाही.

महावग्गातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडला होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवंत आनंदासह विहारातून फिरत असता तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा करायला कोणी नाही का? भिक्खू म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी येत नाही. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला अंथरुणावर ठेवले. मग संघाला एकत्र करून त्यांनी समजावले, की घरदार सोडून आलेल्या तुम्हां भिक्खूंजवळ इथे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही, तर दुसरे कोण पाहणार?

लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टर किंवा ग्लासगोमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपणही घरदार सोडून आलेले आहोत. केअर होममध्ये रात्रपाळी करणारी मुलगी, शिक्षणासाठी आलेला आणि संध्याकाळी डिलिव्हरी करणारा मुलगा, चाळीस वर्षे नोकरी करून एकटे राहिलेले काका, या सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे. आणि याच प्रसंगात पुढे भगवंतांनी रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत.

आधी आजार समजून घेऊ

चार आर्यसत्यांची तुलना पूर्वीपासून वैद्याच्या कामाशी केली जाते: रोग ओळखणे, त्याचे कारण शोधणे, तो आटोक्यात येऊ शकतो हे जाणणे, आणि उपचाराचा मार्ग धरणे. रक्तदाबालाही तोच क्रम लावू.

हृदय रक्त ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा म्हणजे खालचा आकडा. हा दाब मोजता येतो, हे जगाला पहिल्यांदा दाखवले ते इंग्लंडमधल्याच एका धर्मोपदेशकाने. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोड्याच्या रक्तवाहिनीला उभी काचेची नळी जोडली आणि रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढलेले पाहिले. त्यांचा ग्रंथ १७३३ साली निघाला. दंडाला पट्टा बांधून माणसाचा दाब मोजण्याची पद्धत १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी आणली आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी तिला स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जोड दिली. आज फार्मसीत आपण जे यंत्र पाहतो, ते याच परंपरेतले आहे.

दवाखान्यात मोजलेला दाब १४० / ९० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा घरी मोजलेल्या दाबाची सरासरी १३५ / ८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर या देशात त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. ऐंशी वर्षांवरील माणसांसाठी ही मर्यादा थोडी वर, १५० / ९० आणि घरी १४५ / ८५ धरली जाते. दोन आकडे वेगळे का? कारण डॉक्टरसमोर बसले की अनेकांचा दाब वाढतो. म्हणून एकाच मोजणीवर निदान होत नाही. घरी काही दिवस मोजायला सांगतात किंवा चोवीस तास दंडाला यंत्र लावतात.

हा दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की मेंदूतील रक्तस्राव, पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे आणि डोळ्यांचे नुकसान असे धोके वाढतात. दुखत मात्र काहीच नाही. डोके जड झाले म्हणजेच दाब वाढला, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती खरी नाही. बहुतेकांना काहीही जाणवत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही.

हे नशीब नव्हे

कारणांबद्दल दोन टोकाच्या गोष्टी आपल्याकडे ऐकू येतात. एक, आमच्या घराण्यातच आहे, त्याला काय करणार? दोन, मागच्या जन्मीचे भोग आहेत. पहिल्यात थोडे तथ्य आहे. आईवडिलांना असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते आणि दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार व मधुमेह यांचा धोका या देशातल्या इतर अनेकांपेक्षा अधिक आहे. पण घराण्यात आहे याचा अर्थ लवकर मोजायला सुरुवात करा, असा होतो.

दुसऱ्या गोष्टीचे उत्तर स्वतः तथागतांनी दिले आहे. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याबद्दल आपले मत काय? भगवंत ते म्हणणे अमान्य करतात. पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतुबदल, बेपर्वा वागणे, बाहेरून झालेली इजा अशी कारणे ते मोजून दाखवतात आणि लोकांनाही हे ठाऊक आहे असे म्हणतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, हे आपण जाणतो. माणसाला त्याच्या दुःखात बांधून ठेवण्यासाठी तो वापरला गेला. गरिबीला जे लागू, तेच आजारालाही लागू आहे.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, की बहुतेक रुग्णांत रक्तदाबाचे एकच एक कारण सापडत नाही. वय, आनुवंशिकता, मीठ, वजन, दारू, बैठे काम, अपुरी झोप असे अनेक प्रत्यय एकत्र येतात. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्याला याचे नवल वाटू नये. त्यातले काही आपल्या हातात नाहीत. काही नक्कीच आहेत.

पहिला गुण: हितकारक तेच करणे

सुत्तातला पहिला गुण म्हणजे जे आपल्याला मानवते, हितकारक आहे, ते करणे. इथे पहिला प्रश्न मिठाचा येतो. या देशात प्रौढांनी दिवसाला ६ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये असे सांगितले जाते. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात सगळे आले. लोणचे, पापड, ठेचा, सुकट, खारवलेले बोंबील, फरसाण हे आपले जुने मीठ. ब्रेड, चीज, सॉस, क्रिस्प्स, तयार सूप, इन्स्टंट नूडल्स हे इथे येऊन जोडलेले नवे मीठ. पाकिटावर १०० ग्रॅममागे मीठ किती ते लिहिलेले असते. १.५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर खूप, ०.३ ग्रॅम किंवा कमी असेल तर थोडे. सैंधव मीठ निरोगी असते असे समजून हात सैल सोडू नये. तेही मीठच आहे. पोटॅशियम घातलेले पर्यायी मीठ मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

दुसरी गोष्ट दारूची. आपल्यात कोणी पीत नाही, असे म्हणणे म्हणजे पाचवे शील राखल्याचे दाखवण्यासाठी चौथे मोडणे आहे. दारू रक्तदाब वाढवते. सरकारी सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये असा आहे. आपले पाचवे शील त्याहून सोपे आहे. त्यात मोजावे लागत नाही.

दुसरा गुण: हितकारक गोष्टीतही मात्रा जाणणे

हा गुण फार सूक्ष्म आहे. चांगले आहे म्हणून कितीही, असे नाही. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे येत असे. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार कमी होत गेला आणि अंग हलके झाले. यात तीन गोष्टी दिसतात: कोणी तरी आठवण करून देणारा हवा, बदल हळूहळू हवा, आणि तो रोजच्या ताटाशी जोडलेला हवा.

व्यायामाचेही तसेच. आठवड्याला १५० मिनिटे दम लागेल असे चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. तेव्हा दुपारच्या सुट्टीत चालावे, किंवा बसच्या दोन थांबे आधी उतरावे. रविवारी एकदम दहा मैल आणि मग तीन आठवडे काहीच नाही, ही मात्रा नव्हे.

तिसरा गुण: औषध घेणे

भगवंतांनी भिक्खूंना औषधाची परवानगी दिली, इतकेच नाही, तर औषध घेणे हा रुग्णाचा गुण म्हणून सांगितला. तरीही, आपण साधना करतो, मग गोळी कशाला, असे बोलले जाते. आनापानाने मन शांत होते, झोप सुधारते, रागाचा पहिला झटका ओळखता येतो. ते जरूर करावे. पण आनापान गोळीची जागा घेत नाही, आणि गोळी आनापानाची जागा घेत नाही.

दुसरे एक बोलणे असते: आता बीपी नॉर्मल आले, गोळी बंद केली. बीपी नॉर्मल आले ते गोळीमुळे. नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरू नये, हा दृष्टांत खरा आहे. पण इथे आपण अजून पाण्यातच आहोत. वजन उतरले, मीठ कमी झाले, तर काहींची गोळी कमीही होते, मात्र ती डॉक्टरांनी कमी करायची असते.

काही गोळ्यांनी त्रास होतो हे खरे आहे. रामिप्रिलसारख्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो, ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. अशा वेळी गुपचूप बंद न करता जीपीला किंवा फार्मासिस्टला सांगावे. दुसरी गोळी मिळते. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके दाब वाढवू शकतात, म्हणून गुडघेदुखीसाठी ती रोज घेत असाल तर तेही सांगा.

सर्पगंधेबद्दल एक शब्द. या मुळीचा अभ्यास मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातून जगाला रक्तदाबाचे एक महत्त्वाचे औषध मिळाले. आपल्या मातीचा हा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या औषधाने मन खचण्याचा त्रास होतो हेही पुढे कळले आणि त्याहून सुरक्षित औषधे आली. म्हणून गावाकडून आलेली चूर्णाची पुडी घेऊ नये. डॉ. वकील यांनी मुळीवर नुसता विश्वास ठेवला नाही, रुग्णांचा दाब मोजून पाहिले. कालामांना दिलेला उपदेशही तोच आहे.

चौथा गुण: आजार जसा आहे तसा सांगणे

सुत्त म्हणते, की चांगला रुग्ण आपल्या हितचिंतक शुश्रूषकाला खरे सांगतो: वाढला असेल तर वाढला, उतरला असेल तर उतरला, तसाच असेल तर तसाच. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे शब्द रक्तदाबाच्या वहीसाठीच सांगितल्यासारखे वाटतात.

मोजायचे असे. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगारेट नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला असावा. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, सकाळी आणि संध्याकाळी, निदान चार दिवस आणि जमल्यास सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात. सगळे आकडे लिहावेत. न आवडलेला आकडा खोडून पुन्हा मोजणे म्हणजे स्वतःशीच मृषावाद. जसे आहे तसे पाहणे हाच तर सतिपट्ठानाचा अभ्यास आहे. ती पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष ठेवून बसलात, तर दोन्ही कामे होतील.

इंग्लंडमध्ये चाळिशीपुढील व्यक्तीला अनेक फार्मसींत रक्तदाब मोफत मोजून मिळतो. ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून असे आजार नसलेल्या व्यक्तींना एनएचएस दर पाच वर्षांनी आरोग्य तपासणीला बोलावते. पत्र आले तर बाजूला टाकू नका. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये औषधे मोफत आहेत. इंग्लंडमध्ये साठीनंतर मोफत आहेत, आणि त्याआधी शुल्क परवडत नसेल तर प्रीपेमेंट सर्टिफिकेट काढता येते.

लपवणे हीच आपली मोठी अडचण आहे. मुलगा गावी फोनवर सांगत नाही, आईला काळजी नको म्हणून. आई मुलाला सांगत नाही, त्याला सुट्टी काढावी लागेल म्हणून. कामगार मॅनेजरला सांगत नाही, शिफ्ट कापतील म्हणून. करुणेपोटी आणि भीतीपोटी सगळे गप्प राहतात, आणि मग एका रात्री ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते.

पाचवा गुण: सोसणे

शेवटचा गुण म्हणजे वेदना सहन करणे. याचा क्रम लक्षात घ्या. सांगणे चौथे आहे आणि सोसणे पाचवे. आधी सांगायचे, उपचार घ्यायचे, आणि त्यानंतर जे उरेल ते धीराने सोसायचे. आपल्या आया-आज्यांनी उलटा क्रम धरला. त्या आयुष्यभर सोसत राहिल्या आणि सांगायचे राहूनच गेले. त्यांना तेव्हा दवाखाना मिळत नव्हता. आपल्याला मिळतो.

उच्च रक्तदाबात दुखत नाही, मग सोसायचे काय? रोज गोळी घेण्याचा कंटाळा, आळणी आमटीची सवय होईपर्यंतचे दिवस, आणि मला आजार आहे हा विचार. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपणच मनाला लावून घेतो, हा सल्लसुत्ताचा दृष्टांत इथे उपयोगी आहे. निदान झाले हा पहिला बाण. आता मी संपलो, हा दुसरा. तो टाळता येतो.

काही गोष्टी मात्र अजिबात सोसायच्या नाहीत. छातीत दुखणे, धाप लागणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे किंवा गोंधळल्यासारखे होणे: यातले काहीही झाले तर लगेच ९९९ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका. आकडा १८० / १२० किंवा वर असेल आणि त्रास काही नसेल, तर थोडा वेळ शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तसाच असेल तर त्याच दिवशी जीपी किंवा १११ शी बोला.

शुश्रूषा करणाऱ्याचे गुण

याच उपदेशात सेवा करणाऱ्याचेही गुण आहेत. त्याला औषध देता यावे, काय मानवते आणि काय नाही ते कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, किळस करू नये, आणि धम्माच्या बोलण्याने धीर द्यावा. हे काम एका सुनेवर किंवा एका मुलीवर टाकून मोकळे होता येणार नाही. हे संघाचे काम आहे.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. विहारात दंडाला बांधायचे, प्रमाणित यादीतले एक यंत्र ठेवावे, आणि वंदनेआधी ज्यांना हवे त्यांनी मोजावे. भोजनदानात लोणचे-पापड वेगळे ठेवावेत आणि आमटीत मीठ बेताचे घालावे. ज्याला हवे तो वरून घेईल, पण घातलेले काढता येत नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना आणि कामगारांना जीपीकडे नोंदणी करून द्यावी. त्यांच्यापैकी अनेकांनी व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, आणि तरीही ते नोंदणीशिवाय राहतात. भेटीला येणाऱ्या आईवडिलांनी गोळ्या पुरेशा, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणाव्यात आणि प्रवास विमा घ्यावा. पाहुण्यांना रुग्णालयातील उपचारांचे पैसे बहुधा भरावे लागतात. पण जीवघेण्या प्रसंगी पैशाच्या भीतीने कोणी ९९९ टाळू नये.

बाबासाहेबांचे स्मरण

याच लंडनमध्ये, किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले आणि अभ्यास केला. पुढे मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्यांना ग्रासले. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे ते उपचार घेत होते, इन्सुलिन घेत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तो एका डॉक्टरशी, माईसाहेबांशी. त्यांनी शरीर झिजवले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी उपचारही घेतले, हे मात्र क्वचित सांगतो. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. आज रक्तदाबासाठी जगभर दिल्या जाणाऱ्या साध्या, स्वस्त गोळ्यांपैकी बहुतेक त्यानंतर आल्या. त्या काळच्या माणसांना जे मिळाले नाही, ते आपल्याला कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळते. ते न घेणे हा त्याग नव्हे.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत प्रत्येकाने तीन गोष्टी कराव्यात. स्वतःचा दाब एकदा मोजून आकडा लिहावा. तो आकडा एका माणसाला सांगावा. आणि ज्याला सांगणारे कोणी नाही, अशा एकाला फोन करून त्याचा आकडा विचारावा. या लेखाने डॉक्टरांचा सल्ला बदलत नाही. गोळी सुरू किंवा बंद करण्याआधी जीपीलाच विचारा.

सर्वांना आरोग्य लाभो, सर्वांचे मंगल होवो.

साधु! साधु! साधु!